पुढचे टायर एका कडेने का खातात? अलाइनमेंटला जाण्याआधी, मशीनवर आणि त्यानंतर

गाडी बाहेरून पाहिली तर टायर ठणठणीत दिसतात. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून आतल्या कडेवर टॉर्च मारला की रबर संपून तारा बाहेर आलेल्या दिसतात. मग धावपळ करून अलाइनमेंट केलं जातं, सगळे कोन मर्यादेत असल्याचं सांगणारा हिरव्या आकड्यांचा कागद हातात पडतो, नवे टायर बसतात आणि काही महिन्यांत तीच कड पुन्हा खाल्लेली असते.

अलाइनमेंटचं मशीन उभ्या गाडीचे कोन मोजतं. टायर मात्र चालत्या गाडीत झिजतो, म्हणजे ब्रेक मारताना, खड्ड्यात आपटताना, वळणावर अंग टाकताना. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटला असेल तर उभ्या गाडीत सगळे कोन बरोबर येऊ शकतात आणि ब्रेकवर पाय पडल्याबरोबर चाकाचं तोंड फिरतं. म्हणून अलाइनमेंट ही या कामातली शेवटची पायरी आहे. आधी हवा, मग टायर, मग रस्त्यावरची चाचणी, मग सस्पेन्शनमधला प्ले, म्हणजे सांध्यांची ढील. हे सगळं घट्ट असल्याची खात्री झाली की मगच मशीन. क्रम उलटा केला तर अलाइनमेंटचे पैसे दोनदा जातात आणि टायरचेही.

इथे समोर धरली आहे ती आपल्याकडे सर्वात जास्त दिसणारी रचना: फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक किंवा छोटी सेडान, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब), मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा).

आधी हवा, मग मोजमाप

हवा थंड टायरमध्येच तपासायची. गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसावी. कंपनीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे चिकटवलेला असतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. तापमान साधारण ५-६ अंशांनी वाढलं की हवा १ पीएसआयने चढते, त्यामुळे हायवेवरून उतरल्या उतरल्या पंपावर ‘जास्त झाली’ म्हणून काढलेली हवा दुसऱ्या दिवशी सकाळी कमी भरते.

मग नक्षीची खोली. डेप्थ गेज घ्या, नसेल तर व्हर्निअर कॅलिपरच्या मागच्या दांडीनेही चालतं. प्रत्येक पुढच्या टायरवर बाहेरची, मधली आणि आतली अशा तीन खाचा मोजायच्या आणि प्रत्येक खाच टायरच्या घेरावर तीन ठिकाणी. गेजचं टोक खाचेतल्या छोट्या उंचवट्यावर टेकू देऊ नका. तो उंचवटा झिजेची खूण आहे, त्याची उंची १.६ मिमी असते. नक्षी तिथपर्यंत आली की कायद्यानेही टायर संपला. नवा टायर साधारण ७ ते ८ मिमीचा असतो. तारा दिसत असतील तर पुढची कोणतीही चाचणी त्या टायरवर करायची नाही. आधी स्टेपनी लावा.

आकडे वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवा. डोळ्याला अर्धा मिलिमीटर दिसत नाही, आणि पुढचं निदान त्या अर्ध्या मिलिमीटरवर असतं.

टायर काय सांगतो

दोन्ही कडा झिजलेल्या आणि मध्ये नक्षी शिल्लक, म्हणजे हवा बराच काळ कमी होती. मधला पट्टा झिजला आणि कडा उरल्या, म्हणजे हवा जास्त. या दोन्हींचा अलाइनमेंटशी संबंध नाही.

एकाच कडेची झीज असेल तर प्रश्न टो आणि कॅम्बर या दोनच कोनांपैकी कुठला, एवढाच राहतो. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं पुढे एकमेकांकडे वळलेली असणं म्हणजे टो-इन, एकमेकांपासून दूर फाकलेली असणं म्हणजे टो-आउट. समोरून पाहिलं तर चाकाचा माथा गाडीकडे आत कललेला असणं म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर, बाहेर कललेला असणं म्हणजे पॉझिटिव्ह. टो-आउट आणि निगेटिव्ह कॅम्बर दोन्ही आतली कड खातात. टो-इन आणि पॉझिटिव्ह कॅम्बर बाहेरची. मग ओळखायचं कसं?

हाताने. तारा नाहीत याची खात्री करून टायरवरची माती पुसा आणि तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. कॅम्बरची झीज सपाट उतारासारखी असते, हात दोन्हीकडे सारखाच गुळगुळीत जातो. टो बिघडलेला असेल तर टायर प्रत्येक फेऱ्यात थोडा आडवा घासला जातो आणि नक्षीच्या प्रत्येक पट्ट्याची एक धार गोल, दुसरी तीक्ष्ण होते. हात एका दिशेने सहज जातो आणि उलट दिशेने करवतीसारखा अडतो. बाहेरून आत जाताना गुळगुळीत लागलं तर टो-इन जास्त आहे. आतून बाहेर येताना गुळगुळीत लागलं तर टो-आउट जास्त आहे. ही करवत खोलीतला फरक मोजण्याइतका होण्याआधीच हाताला लागते, म्हणून महिन्यातून एकदा हवा भरताना हात फिरवण्याची सवय कुठल्याही मशीनपेक्षा लवकर इशारा देते.

टोची थोडी चूकही एवढी महाग का पडते, याचा हिशोब सोपा आहे. १८५/६५ आर १५ टायरचा व्यास साधारण ६२० मिमी. टायरच्या व्यासावर मोजलेला एकूण टो ३ मिमीने चुकला तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला १.५ मिमी येतात. १.५ भागिले ६२० म्हणजे दर किलोमीटरमागे जवळपास २.४ मीटर आडवी फरफट. रबर लवचीक असल्यामुळे यातलं थोडं तो सोसतो, तरी १०,००० किलोमीटरमागे हा हिशोब २४ किलोमीटर आडवं घासण्याचा होतो. कॅम्बर पाव-अर्धा अंश चुकला तर टायर त्या मानाने खूप हळू झिजतो.

आणखी एक गोष्ट निदानात फार उपयोगी पडते. एकाच बाजूचा टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) बिघडला तरी रस्त्यावर चालताना स्टिअरिंग आपोआप अशा जागी येतं की टोची चूक दोन्ही चाकांत जवळपास सारखी वाटली जाते. म्हणून टोने झिजलेले टायर सहसा जोडीने झिजतात. एकच टायर खाल्ला गेला आणि दुसरा शाबूत असेल, तर त्या बाजूचा कॅम्बर, वाकलेला स्ट्रट किंवा लोअर आर्म यांच्याकडे आधी पाहायचं. मात्र टायर नुकतेच मागून पुढे आणलेले नाहीत ना, हे आधी विचारा. नाहीतर मागच्या चाकाचा रोग पुढच्या चाकाच्या नावावर लिहिला जातो.

एक नमुना घ्या. डावा टायर: बाहेर ५.६, मध्ये ५.४, आत २.९ मिमी. उजवा: बाहेर ५.५, मध्ये ५.४, आत ३.२. मधलं आणि बाहेरचं माप जवळपास सारखं, म्हणजे हवेचा दोष नाही. दोन्ही टायर जवळपास सारखे झिजले, म्हणजे एका बाजूचा भाग वाकलेला असण्याची शक्यता कमी. हात आतून बाहेर गुळगुळीत, बाहेरून आत करवत. हा टो-आउट. आता तो टाय रॉडच्या सेटिंगमुळे आहे की ढिल्या बुशमुळे चालताना तयार होतो, हे मशीन नाही सांगणार, ते खाली वाकूनच पाहावं लागेल.

घेरावर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखी झीज, एक भाग उंच आणि एक खोल, ही वेगळी जात आहे. चाक रस्त्यावर नाचत असल्याची ती खूण: शॉकअब्सॉर्बर मेलेला, बॅलन्सिंग बिघडलेलं किंवा बेअरिंग ढिलं. एकाच जागी चपटा डाग असेल तर कधीतरी ब्रेक जाम होऊन चाक घासत गेलं आहे.

घाटात रोज चालणाऱ्या गाड्यांबद्दल थोडं सावध राहायला हवं. कुंभार्ली, ताम्हिणी किंवा आंबोलीसारख्या घाटात पुढच्या दोन्ही टायरचा बाहेरचा खांदा वळणावर भार घेऊन झिजतो आणि अगदी कडेचं रबर गोल होतं. अलाइनमेंट बरोबर असतानाही असं होतं. मधला पट्टा आणि आतली कड सारखी असेल, करवत लागत नसेल, तर टो फिरवायला जाऊ नका. हवा नीट ठेवा आणि टायर वेळेवर मागेपुढे करा, तेवढं पुरतं.

रस्त्यावर दहा मिनिटं

सपाट, सरळ, मोकळा रस्ता निवडा आणि ५०-६० च्या वेगाने जा. स्टिअरिंग हलक्या हाताने धरा, सोडून देऊ नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे गाडी डावीकडे किंचित सरकणं साहजिक आहे. शंका आली तर चौपदरी रस्त्याच्या वेगवेगळ्या लेनमध्ये करून पाहा. उतार बदलला की ओढ बदलत असेल, तर दोष रस्त्याचा.

स्टिअरिंग वाकडं आणि गाडी सरळ, ही एक तक्रार. स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी ओढते, ही दुसरी. पहिलीचं मूळ बहुधा टो दोन्ही बाजूंना असमान वाटला जाण्यात किंवा मागच्या अ‍ॅक्सलच्या तिरकेपणात असतं. दुसरीत कॅम्बर किंवा कॅस्टरचा (बाजूने पाहिलं तर स्टिअरिंगचा अक्ष जेवढा मागे कललेला असतो त्या कोनाचा) डाव्या-उजव्यातला फरक, अडकलेला ब्रेक किंवा खुद्द टायर असू शकतो. गाडी जास्त पॉझिटिव्ह कॅम्बर असलेल्या बाजूला ओढते, आणि कमी कॅस्टर असलेल्या बाजूलाही.

टायरचा दोष शोधायला पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करून पुन्हा चालवा. ओढ उलट दिशेला गेली किंवा नाहीशी झाली, तर दोष टायरमध्ये आहे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करू नका, तेव्हा मागची जोडी पुढे आणून पाहा. ब्रेक अडकतो का हे कळायला ब्रेक फारसे न वापरता काही किलोमीटर चालवून थांबा आणि हात रिमच्या जवळ न्या, लावू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापलं असेल, तर ब्रेक अडकतो आहे; कॅलिपरच्या पिना जाम असू शकतात.

मोकळ्या जागी ब्रेक लावताना गाडी एका बाजूला झुकते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दुसऱ्या बाजूला जाते, अशी चाल असेल तर लोअर आर्मचे बुश जवळपास नक्की गेलेले आहेत. ८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंगला थरथर येते ती बॅलन्सिंगची. अलाइनमेंट करून ती जाणार नाही. घोंघावण्याचा आवाज उजवीकडे वळताना वाढत असेल तर डाव्या बेअरिंगकडे पाहा, कारण उजव्या वळणात भार डाव्या चाकावर येतो.

गाडी वर उचलून प्ले पाहणं

सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. उचलल्यावर गाडी स्टँडवर टेकवायची आणि तेवढ्यावरही हलवून पाहायची, मगच हात आत घालायचा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

चाक घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून आत-बाहेर हलवा. खटका लागला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग ढिलं आहे. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रटचा जोड पाहा. मग ३ आणि ९ वर धरा. १२-६ ला काही नाही आणि फक्त इथेच खटका, तर टाय रॉड एंड (चाकाकडचा बाहेरचा जोड) किंवा रॅक एंड (स्टिअरिंग रॅककडचा आतला जोड). दोघांतला कुठला, ते कळायला एक हात टाय रॉड एंडवर ठेवा. तो स्थिर आणि रॅकच्या रबरी बूटमध्ये हालचाल जाणवली तर आतला जोड गेला. प्ले सापडला तर टोचा कुठलाही आकडा विश्वासाचा राहत नाही.

बुशसाठी टॉमी बार (छोटी पहार) लागतो. आर्म आणि सबफ्रेमच्या मध्ये तो घालून हलका जोर द्या, विशेषतः मागच्या मोठ्या बुशवर. रबरवर वरवरच्या बारीक भेगा असतील तर घाई नाही. पण जोर दिल्यावर भेग उघडते, मधली लोखंडी नळी रबरापासून सुटी दिसते किंवा आर्म टण्णकन सरकतो, तर बुश संपला. आतली कड खाणाऱ्या आणि मशीनवर मात्र ‘ओके’ येणाऱ्या गाड्यांत सर्वात आधी इथेच पाहावं. खराब रस्त्याचे धक्के आणि ब्रेकचा जोर याच बुशवर येतो, आणि उभ्या गाडीत तो शांत बसलेला असतो.

स्ट्रटचं माउंटिंग पाहायला गाडी खाली घ्या, मदतनिसाला स्टिअरिंग हळूहळू वळवायला सांगा आणि हात स्प्रिंगवर हलका टेकवा. बोटं स्प्रिंगच्या वेढ्यांत घालू नका. स्प्रिंग सलग फिरायला हवी. ती अडकून झटक्याने सुटत असेल तर वरचं बेअरिंग जाम आहे. अशा गाडीचं स्टिअरिंग वळणानंतर स्वतःहून सरळ येत नाही.

शेवटी टेप काढा. दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची मोजा. १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसलेली किंवा तिचं टोक तुटलेलं आहे का पाहा. चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे घ्या. एका बाजूला ते १० मिमीहून कमी भरलं तर त्या बाजूचा लोअर आर्म मागे वाकला असण्याची दाट शक्यता आहे. डांबराच्या कडेवरून चाक साइडपट्टीवर उतरणं आणि खड्डा चुकवताना कडेला आदळणं यामुळे आपल्याकडे डावं चाक जास्त मार खातं, हे लक्षात ठेवून तिकडे जास्त बारकाईने पाहा.

जे गेलं असेल ते बदला. बुश आणि शॉकअब्सॉर्बर जोडीने बदललेले बरे, टाय रॉड एंड एकटा बदलला तरी चालतो. बुश बदलताना सर्रास होणारी चूक म्हणजे गाडी वर टांगलेली असतानाच आर्मचे बोल्ट पूर्ण आवळणं. असा बुश लटकत्या स्थितीत पक्का होतो, गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो आणि वेळेआधी फाटतो. बोल्ट हाताने बसवायचे, चाकं जमिनीवर टेकवून गाडीचं वजन येऊ द्यायचं आणि मग टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्याला आवळायचे.

घरी टो मोजणं

मशीनचा कागद खरा आहे का, हे पडताळायला ही पद्धत पुरेशी आहे. लागतं काय? सपाट फरशी किंवा काँक्रीट, गवंड्याचा ओळंबा, खडू, चांगला स्टीलचा टेप आणि एक मदतनीस.

पुढची चाकं वर उचला. चाक फिरवत टायरच्या साधारण मध्यावर, एका ठोकळ्यावर घट्ट टेकवलेल्या खिळ्याने किंवा बारीक मार्करने पूर्ण घेरावर एक सलग रेघ ओढा. रिम किंवा टायर थोडा डुलत असला तरी ही रेघ खरी राहते, त्यामुळे रिमवरून मोजण्यापेक्षा हे जास्त भरवशाचं. गाडी खाली घ्या, पुढचा भाग दोन-तीनदा दाबा, स्टिअरिंग सरळ करा आणि गाडी पुढच्या दिशेने तीन-चार मीटर ढकला. पुढेच, मागे नाही. मागे ढकललं की बुशमधली ढील उलट्या बाजूला बसते आणि माप चुकतं. थांबवायला ब्रेक दाबू नका, गाडी आपोआप थांबू द्या.

आता प्रत्येक टायरच्या सर्वात पुढच्या बिंदूवर, चाकाच्या मध्याच्या उंचीला, रेघेवरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूची बारीक खूण करा. तसंच टायरच्या मागच्या बाजूला. चार खुणा झाल्या की गाडी बाजूला घ्या आणि पुढच्या दोन खुणांमधलं व मागच्या दोन खुणांमधलं अंतर मोजा. पुढे १४८२ आणि मागे १४८५ आलं, तर टो-इन ३ मिमी. ६२० मिमी व्यासाच्या टायरला हे साधारण १७ मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एकूण टो होतात. हे सगळं पुन्हा एकदा करा. दोन्ही वेळचे आकडे एका मिलिमीटरच्या आत जुळले तरच त्यावर विश्वास ठेवा.

मशीनवर गाडी चढल्यावर

गाडीत सामान नसावं, हवा बरोबर असावी. सीएनजी सिलिंडर, जड साउंड सिस्टीम अशा कायमच्या गोष्टी मात्र जशाच्या तशा राहू द्या, कारण गाडी त्या घेऊनच चालते. ऑपरेटरने मॉडेल आणि वर्ष बरोबर निवडलं का, ते स्क्रीनवर पाहा. चुकीच्या गाडीचे आकडे समोर ठेवले तर हिरवा रंगही खोटा.

पुढची चाकं फिरत्या गोल प्लेटवर उभी राहिल्यावर त्या प्लेटच्या पिना काढलेल्या हव्यात. मशीनची मोजणारी डोकी रिमवर बसवल्यावर गाडी थोडी पुढे-मागे सरकवून किंवा चाक उचलून फिरवून रिमचा डुल भरून काढला जातो. घाईत हीच पायरी गाळली जाते, आणि वाकड्या रिमची चूक थेट टोच्या आकड्यात शिरते. कॅस्टर मोजायला स्टिअरिंग दोन्हीकडे वळवतात, तेव्हा ब्रेक पेडल दाबून ठेवणारी दांडी लावलेली असावी. समायोजनाआधी स्टिअरिंग मध्यावर आणून क्लँपने लॉक करायला हवं.

टो बदलायला टाय रॉडचा लॉकनट सैल करून रॉड फिरवतात. रॅक अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर रॉड लांब केला की टो-इन वाढतो, रॅक पुढे असेल तर उलटं. हे काम किती नाजूक आहे पाहा: रॉडचा आटा १.५ मिमीचा आणि नकलचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) हात सुमारे १२० मिमी धरला, तर एका पूर्ण फेऱ्यात चाकाचा कोन ४३ मिनिटांनी बदलतो. पाव फेरा म्हणजे ११ मिनिटं, आणि बऱ्याच छोट्या गाड्यांत टोला दिलेली सगळी सूट (टॉलरन्स) जेमतेम तेवढीच असते. दोन्ही बाजूंचे रॉड आपापल्या गरजेनुसार फिरवायचे. एकाच बाजूने एकूण टो जुळवला की टायर वाचतो, पण स्टिअरिंग वाकडं होतं. मग ते सरळ दिसावं म्हणून स्टिअरिंग व्हील काढून दाते बदलून बसवायची युक्ती कोणी सुचवली, तर ठाम नकार द्या. रॅक मध्यावर राहत नाही, आणि त्या व्हीलमध्ये एअरबॅग असते.

रॉड फिरवण्याआधी रॅकच्या बूटची छोटी क्लिप सैल करायला लावा. नाहीतर बूट पिळला जातो, फाटतो आणि पहिल्याच पावसात चिखलपाणी रॅकमध्ये जातं.

कागदावर आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे मागा. नंतरचे तर सगळ्यांचेच चांगले असतात, निदान आधीच्या आकड्यांत असतं. वरच्या नमुन्यातल्या गाडीचा आधीचा टो जर बरोबर निघाला, तर झीज बुशमुळे होत होती हे तिथेच कळतं. कॅम्बरमध्ये डाव्या-उजव्याचा फरक अर्ध्या अंशाच्या आत असावा. टो मिनिटांत आहे की मिलिमीटरमध्ये, हे विचारून घ्या. रिमच्या कडेवर मोजलेला १ मिमी म्हणजे १४ इंची रिमला साधारण ९ मिनिटं.

मागच्या चाकांचे आकडेही घ्याच. टॉर्शन बीमला बहुतेक गाड्यांत समायोजन नसतं, पण बीम तिरका बसला असेल तर गाडी तिरकी चालते आणि पुढचा टो कितीही नीट केला तरी स्टिअरिंग सरळ राहत नाही. फक्त पुढची दोन चाकं मोजून हे कधीच दिसणार नाही.

कॅम्बर लाल आला तर

अनेक छोट्या गाड्यांत कंपनीने कॅम्बरसाठी समायोजन दिलेलं नसतं. मग काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक आणि साखळी लावून स्ट्रट दाबून ‘कॅम्बर काढला’ जातो. हे करू देऊ नका. आकडा हिरवा होतो, पण शॉकअब्सॉर्बरची दांडी वाकते, सील गळायला लागतं आणि बेअरिंगवर भलता जोर येतो.

आधी कारण शोधा. मशीन एसएआय (समोरून पाहिलं तर स्टिअरिंगच्या अक्षाचा आतला कल) आणि इन्क्लुडेड अँगल (एसएआय आणि कॅम्बर यांची बेरीज) हे आकडेही दाखवू शकतं, ते मागून घ्या. एसएआय बरोबर आणि इन्क्लुडेड अँगल चुकलेला असेल, तर नकल किंवा स्ट्रट वाकला आहे. एसएआय चुकलेला आणि इन्क्लुडेड अँगल बरोबर असेल, तर लोअर आर्म, सबफ्रेम किंवा बॉडीतली स्ट्रटची जागा सरकली आहे. वाकलेला भाग बदलायचा, सरळ करायचा नाही.

काहीही वाकलेलं नसेल आणि फरक थोडाच असेल, तर स्ट्रट आणि नकल जोडणारे दोन बोल्ट सैल करून भोकातल्या सुटीपुरता चाकाचा माथा आत किंवा बाहेर दाबून पुन्हा आवळता येतो. त्याने भागलं नाही तर वरच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट बसवता येतो. दोन्हीनंतर टो पुन्हा सेट करावाच लागतो, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. काम झाल्यावर डॅशबोर्डवर ईएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला, तर स्कॅनरने स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणून घ्या.

नंतरचे तीन हजार किलोमीटर

करवती झालेला टायर अलाइनमेंट झाल्यावर लगेच शांत होत नाही. आधी पडलेल्या धारा झिजून जाईपर्यंत आवाज राहतो. त्यावरून काम फसलं असं समजू नका. आतली कड २ मिमीच्या आसपास आली असेल तर टायर बदला, मागे टाकून पावसाळा काढण्याचा मोह नको. दोनच नवे टायर घेत असाल तर ते मागच्या चाकांना लावा. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीतसुद्धा ओल्या रस्त्यावर मागचं टोक घसरणं सावरायला जास्त अवघड असतं.

पडताळणीसाठी पुन्हा तीच वही. नवा टायर ८ मिमीचा धरला, तो १.६ वर येईपर्यंत ४५,००० किलोमीटर चालावा असं मानलं, तर दर हजार किलोमीटरला सरासरी ०.१४ मिमी झीज योग्य ठरते. म्हणजे ३,००० किलोमीटरमध्ये प्रत्येक खाच ०.४ मिमीच्या आसपास कमी व्हायला हवी. त्या मोजणीपर्यंत टायर मागेपुढे करू नका, नाहीतर तुलना बिघडेल. आतली खाच बाकीच्यांपेक्षा ०.३ मिमी किंवा त्याहून जास्त उतरली असेल आणि कागदावरचा टो अजून बरोबर असेल, तर पुन्हा मशीनवर जाण्याऐवजी टॉमी बार घेऊन लोअर आर्मच्या मागच्या बुशकडेच परत जा.